प्रश्न क्रमांक चौदा

ग्रिम्सबीला बंदर आहे, बोटी गेल्या.
मासे आता आइसलँडहून येतात, लॉरीत बसून.
वास तेवढा इथला.
तासाला तेरा पौंड, वर बसभाडं.
मी दारं ठोठावते. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट.

नियम पहिला : मान हलवायची नाही.
नियम दुसरा : ‘हो का?’ म्हणायचं नाही.
प्रश्न छापलाय तसाच वाचायचा.
तेरावा उरकेपर्यंत (आमच्याकडे असं म्हणू नये)
सगळे हसतमुख असतात.
चौदावा असा :
संसद, निवडणुका यांची पर्वा न करणारा
खंबीर नेता देशाला मिळाला तर –
फार चांगलं, बरं, वाईट, फार वाईट?

केल्सी म्हणाली, कडेवर पोर, त्याच्या एकाच पायात मोजा,
“डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेल का त्याच्याकडून?”
असं उत्तर यादीत नाही.
“मग बरं लिहा.”

दाइवा, मासे साफ करायच्या फॅक्टरीत रात्रपाळीला,
दार साखळीपुरतं उघडून : “हे वाचतं कोण?”
मी छापील वाक्य वाचलं, उत्तरं गोपनीय राहतील.
ती हसली. “आमच्याकडेही असंच सांगायचे.”
दार लागलं. मग टपालाच्या फटीतून आवाज :
“फार वाईट. नाव नको.”

एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, तज्ज्ञांच्या हाती द्या,
नाहीतर सरळ कॉम्प्युटरच्या,
माणसांना काय कळतंय?
आतून आई ओरडली, आधी बूट काढ.

इंग्रजीत तो शब्द ‘स्ट्राँग’ आहे. चहासारखा.
चालता चालता मी मराठीत करून बघते.
खंबीर म्हटलं तर साठ टक्के,
कणखर म्हटलं तर पंचावन्न,
दांडगा म्हटलं की वीसवर येईल.
आणि बळी तो कान पिळी म्हटलं
तर लोक आधी आपला कान चाचपतील.

बाबा परभणीला. पोस्टातून रिटायर.
रोज आमटी भुरकताना म्हणायचे,
या देशाला दंडुकाच हवा.
आणि मतदानाच्या दिवशी, पाय प्लॅस्टरमध्ये,
रिक्षा, दोन तास रांग, दोघांच्या खांद्यांवर हात.
शाईचं बोट आठवडाभर जपलं,
अंघोळीतसुद्धा वर धरून.
त्यांना कुठल्या चौकटीत टाकू?

शेवटचं घर, चौतीस नंबर.
ब्रॉकल्सबी, वय एकोणऐंशी, बावीस वर्षं ट्रॉलरवर.
स्वयंपाकघरातली खुर्ची फुटपाथवर आणून बसलेले.
प्रश्न संपायच्या आत :
“फार चांगलं. भर समुद्रात कॅप्टन मतं मागतो का?”
मी मान हलवली नाही. टिचकी मारली.

खुर्चीशेजारी सिमेंटमधून वर आलेले चार गंजके बोल्ट.
माझी नजर त्यांनी पकडली.
“बाक होता. मी आणि डॉरीन बसायचो.
रात्री पोरं दंगा करतात म्हणे.
गल्लीची मीटिंग झाली, ठेवायचा की काढायचा.
चार विरुद्ध तीन.”
“आणि तुम्ही?” निसटलंच तोंडातून.
“ठेवायचा. अर्थात.
चिठ्ठ्या मीच मोजल्या. बाकीचे चहा घ्यायला गेलेले.
एक चुरगळलेली होती,
ती दोनदा उघडून बघितली.”

मग बराच वेळ समुद्रपक्षीच बोलले.

खुर्ची आत न्यायला मी हात लावला.
हे प्रश्नावलीत बसत नाही.
पंधरावा राहिलाच, लष्कराच्या राजवटीबद्दलचा.
उद्या येते म्हटलं.
“ये,” म्हणाले, “पण दहानंतर.
दहापर्यंत मी कुणाचंच ऐकत नाही.”