नऊ पावलं

गेल्या जुलैत खुंटीपासून कड्यापर्यंत
बावीस पावलं होती.
वहीत आहे, माझ्याच अक्षरात,
शेजारी डास चिरडल्याचा डाग.
आज नऊ.

पुन्हा मोजली.
वाऱ्याला पाठ देऊन, मग वाऱ्याकडे तोंड करून.
आकडा कुणाची भीड धरत नाही.

कडा रडतोय, असं संशोधक म्हणतो.
रडत नाही. गळतो.
मातीच्या पोटात जुनं बर्फ होतं,
आमच्या पहिल्या होडीपेक्षा जुनं,
ते मळकट पाणी होऊन खाली चाललंय
आणि जाताना वरची हिरवळ
झोपलेल्याच्या अंगावरून गोधडी ओढावी
तशी ओढून नेतंय.
पूर्वी ऑक्टोबरात समुद्रच गोठून पहारा द्यायचा.
आता वादळ येतं तेव्हा तो जागा असतो, उघडा,
आणि वादळाच्या बाजूने.

देवमासे मारायला आलेल्या परक्यांचं लाकडी घर
सरकारनं दोनदा मागे सरकवलं,
खाली ओंडके घालून, इंच इंच.
त्याला खिडक्या आहेत, यादीत क्रमांक आहे.
आमच्या मातीच्या घरांना खिडकी नव्हती,
छपराला नुसता झरोका, त्यावर सीलच्या आतड्याचा पडदा.
यादी करणाऱ्याला आत डोकावता आलं नसेल.
समुद्राला आलं.

पर्सिस आत्या होडीतून उतरली
ती आधी गुडघ्याला शिव्या देत, मग लाटांना.
थर्मासमधला पहिला घोट तिनं जमिनीला पाजला.
"आलो गं," म्हणाली.
कुणाला, ते विचारायचं नसतं.

थडगी अकरा. एकाच साथीतली.
संशोधकानं पिशव्या मांडल्या, चिठ्ठ्या लावल्या.
"क्रमांक एक," तो म्हणाला.
"एक नाही," आत्या म्हणाली, "उनालिना.
हिच्या टाक्यातून पाणी आत जात नसे."
फळी उचलली तर अंगुस्तान,
आत अजून बोटाएवढी जागा.
पोरानं मुकाट्यानं चिठ्ठी खोडली
आणि स्पेलिंग विचारलं.

ईनॉक मात्र अडला.
"समुद्रानंच पोसलं ना ह्यांना?
मग जाऊ द्या की त्याच्याकडे.
दरवर्षी किती जणांना खांद्यावर घ्यायचं?"
त्याचं खोटं नव्हतं. कुणीच बोललं नाही.
खाली ढेकूळ सुटल्याचा आवाज आला.
आत्या म्हणाली, "त्यांना समुद्र बघायचा होता.
समुद्रात राहायचं असतं
तर इतक्या वर कशाला चढले असते?"
ईनॉकनं हातमोजे चढवले
आणि पेटीची जड बाजू धरली.

शेवटची पेटी चहाच्या खोक्याएवढी.
फळीवर नाव नाही. कधीच नसावं.
संशोधकाचं पेन चिठ्ठीवर थांबलेलं.
आत्या बराच वेळ त्या खोक्याकडे बघत राहिली,
मग म्हणाली,
"सापडेपर्यंत माझं वापर.
मला सध्या पुरून उरतंय."

वर टेकडीवर खणलं.
वडील सांगायचे, इथे शेकोटी पेटवून
दिवसभर जमीन सैल करावी लागे,
तेव्हा कुठे वीतभर कुदळ जाई.
आमचं फावडं लोण्यात गेल्यासारखं गेलं.
कामाला हलकं. तरी कुणाला बरं वाटलं नाही.
ईनॉकनं माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी,
कारण सूर्य तसाच टांगलेला,
नवी खुंटी ठोकली, मोजत कड्यापर्यंत गेले.
"दोनशे बारा," ओरडून सांगितलं.
"कुणाची पावलं?" आत्यानं विचारलं.
"माझी."
"तुझे पाय लांब आहेत."
आणि उठली,
आखडलेला गुडघा ओढत, मध्ये दोनदा थांबत,
एकदा रानबेरी तोंडात टाकायला,
गेली थेट कडेपर्यंत.
"तीनशे सहा," म्हणाली, धापा टाकत. "हे लिही."

दोन्ही लिहिले.
खाली तारीख.
मग तिचा हात धरून
हळूहळू कडेपासून मागे आलो.