पंधरा प्रश्न

तीस हजार नावं, क्रमाने लावलेली.
यंत्र ती वाचत नाही. मधोमध उभं राहतं
आणि एवढंच विचारतं: आधी, की नंतर?
अर्धी यादी गळून पडते.
उरलेल्याच्या मधोमध पुन्हा तेच.
फार तर पंधरा प्रश्न, की माणूस समोर.
उर्मासला याचा अभिमान होता.
लेकीला सांगायचा, पानामागून पान काय उलटतेस,
शब्दकोश मधेच उघड.

तार्तू, फेब्रुवारी. बागवाल्यांच्या सहकारी संस्थेची कचेरी,
दारात बुटांवरच्या बर्फाचं तळं.
साल्मेबाई खिडकीशी आडनाव सांगतात.
अर्थ त्याचा सफरचंदाचं झाड,
आणि पहिलंच अक्षर असं, की देवनागरीत त्याला घर नाही:
ओठांचा चंबू न करता 'ओ' म्हणून बघा,
घशात कुठेतरी अडेल,
तेच ते.

पडद्यावर: नोंद नाही.

"नाही?" बाई म्हणाल्या.
"मग एकोणचाळीस वर्षं त्या वाफ्यात खुरपत कोण होतं?"

त्रीनने पुन्हा टाइप केलं. पुन्हा नाही.
मग तिने ते केलं जे उर्मासच्या लेखी निव्वळ अडाणीपणा:
यादी शेवटून उघडली, काचेवर बोट टेकलं
आणि एकेक नाव पुटपुटत वर सरकत गेली.
बाई उभ्याच. हातमोजे काढले, घातले.

सापडलं.
डोक्यावर दोन ठिपके मिरवणाऱ्या 'आ'च्या अगदी वर,
वाफा एकशे बारा, वर्गणी भरलेली.

यादी लागली होती तिथल्या बालवाडीच्या क्रमाने.
शोधणारा चालत होता कुठल्या दूरच्या क्रमाने,
ज्यात ती दोन अक्षरं उलट बसतात.
ठिपकेवाल्या 'आ'पाशी उभं राहून त्याने नेहमीचाच प्रश्न विचारला
आणि 'नंतर'कडे वळला.
बाईंच्या उंबऱ्यावरूनच वळला.

आपला क्ष नाही का,
तक्त्यावर शेवटच्या ओळीत, ज्ञच्या शेजारी,
शब्दकोशात मात्र क च्या घरी.
लावणाऱ्याने एक क्रम धरला, शोधणाऱ्याने दुसरा,
की क्षमा सापडायची नाही,
असून.

उर्मासने दुरुस्ती केली. एकच ओळ.
बाईंना दाखला मिळाला, त्या गेल्या,
तळं पुसलं गेलं.

रात्री घरी त्याने जुन्या शोधांची वही उघडली,
अकरा महिन्यांची. ज्यांच्यापुढे शून्य, तेवढेच शोध.
त्यात त्या अक्षराचे सहा जण.
पाचांनी एकदा विचारलं आणि मुकाट निघून गेले.
सहाव्याने चारदा विचारलं,
एकाच रात्री, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने,
आणि चौथ्या वेळी
स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षरच
बदलून पाहिलं.