घेणारा सापडला नाही

दिवाणाखाली दोनशे चाळीस प्रती आहेत.
छापल्या होत्या तीनशे,
लोअर परळच्या एका गाळ्यात, ऐन गणपतीत,
म्हणून बांधणीवाल्याने चौथा फर्मा उलटा लावला
सात प्रतींत.
त्या सात मी नातेवाइकांना दिल्या.
अजून कुणी काही बोललेलं नाही.

दिवसा मी मुलुंडला लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते.
तिथलं माझं एकही वाक्य कुणी अर्धवट सोडत नाही.
लोक जिन्यातच पाकीट फाडतात,
आकड्यावर बोट ठेवून उभे राहतात.
असा वाचक मला रात्री हवा असतो.

रात्री आधी एक प्रेमकथा लिहिली, तिच्यात दोघं
भांडुपच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जातात
आणि फ्लेमिंगो आलेले नसतात.
मग तीन बहिणी, एक ब्लॉक, एक सही बाकी.
मग हा खून.
वितरक म्हणाला, ताई, एक काहीतरी ठरवा,
प्रेमाची फळी वेगळी, खुनाची वेगळी.
म्हटलं, आमच्या मजल्यावर दोन्ही
एकाच लॅचच्या आत राहतात.

मुखपृष्ठ माझं. मलपृष्ठावरची स्तुतीही माझीच.
('श्वास रोखून धरायला लावणारी' हे लिहिताना
मला जांभई आली होती.)
प्रकाशक म्हणून आईचं नाव. तिने सही केली,
तिला वाटतं तो सोसायटीचा कागद होता.

मंगळवारी एक पार्सल परत आलं.
द. मो. पेडामकर, शिवडी. पैसे आगाऊ भरलेले.
वर लाल पेनाने: घेणारा सापडला नाही.
गेलं होतं चार तारखेला, आलं एकोणतीसला,
आणि चिकटपट्टी माझी नव्हती.
मी खाकी लावते, दुपदरी.
ही पारदर्शक, एका टोकाला दातांनी तोडलेली.

आत, पान बेचाळीसवर हळदीचा अंगठा.
अठ्ठ्याऐंशीचा कोपरा दुमडून पुन्हा सरळ केलेला.
एकशे तीसवर, जिथे कंपाउंडर म्हणतो,
'त्या रात्री मी पनवेलला होतो',
समासात शिसपेन्सिलीने
एकच शब्द: खोटं.

खोटंच होतं ते.
पण दोनशे दहाव्या पानापर्यंत
मी ते कुणालाही कळू दिलं नव्हतं.

मग बसले तपासाला, एवढी पानं खून लिहिणारी मी.
गोदामातला रात्रपाळीचा कुणी,
डब्यातल्या भाजीचा हात न पुसता वाचणारा?
की पेडामकर स्वतःच, वाचून मग न सापडलेले?
त्यांचा फोन लागत नाही.
त्यांचे दोनशे ऐंशी रुपये मी वेगळ्या पाकिटात ठेवलेत.
भिंग घेतलं. अंगठा लहान होता.
'ट' शाळेत गिरवून घेतलेला, पोट गोल,
आणि अनुस्वार इतका दाबून
की मागच्या पानावर उठलेला.

फिलोमिना म्हणाली, तक्रार कर, पार्सल फोडलंय.
नंबर लावलाही. तिकडून हॅलो आलं.
मी विचारलं, तुमच्याकडे रात्री दिवे किती वाजता बंद होतात?
त्याने ठेवला.

अजून एक नोंद राहिली.
दोनशे चौदाव्या पानावर,
जिथे इन्स्पेक्टरबाई सगळं कळूनही
कंपाउंडरला बसमध्ये चढू देतात,
कागद रुपयाएवढा फुगलेला आहे.
पाणी.
मी पाणीच लिहिते.
रिपोर्टात जे दिसतं तेवढंच लिहायचं असतं.

नवी कादंबरी परवा गाळ्यातून आली.
पहिली प्रत मी आज बांधली.
चिकटपट्टी एकपदरी, नखाने सुटेल अशी.
पत्ता तोच. द. मो. पेडामकर, शिवडी.
आत, बेचाळिसाव्या पानात,
टोक काढलेली एक पेन्सिल.