सतरावा

बांबोळीला ओपीडी संपली की
मी तक्ता भरत बसते.
कवटीत घुसलेल्या वस्तू. आठ वर्षं, एकतीस रुग्ण.
सळई, छर्रे, बेतूलचा मासे मारायचा भाला,
एका पोराच्या भुवईवरून शिरलेली छत्रीची काडी.
शेवटच्या रकान्यात एक ते पाच:
एक म्हणजे गेला,
पाच म्हणजे कामाला लागला.

सतरावा कुष्टा वेळीप, गावडोंगरी.
वस्तू: कोयती. माडावरून.
ती कुणी उपसून काढली नव्हती
हे मी त्या रात्री आधी पाहिलं,
मूठ धरून बसलेला माणूस नंतर.
करमळ घाटाची सगळी वळणं
टॉवेल गुंडाळून त्यानं ती हलू दिली नव्हती.
सोड म्हटलं.
सोडेना.
बोटं एकेक करून उकलली आम्ही, करंगळीपासून.

सरांनी पात्याभोवतीचं हाड कोरलं,
आणि खेचली नाही, उचलली,
आली त्याच वाटेनं, केसभरही न वळवता.
पहाटे तीन चाळीसला ट्रेमध्ये लोखंड वाजलं.
खाली मेंदू हलत होता,
मंद आचेवरच्या पेजेसारखा.

सहा महिन्यांनी आला, चालत.
उजव्या हातात कप धरतो, थोडा सांडतो.
गोळ्या चुकवत नाही, झटका एकच आला, चवथीच्या आधी.
नारळ दाखवला तर हसतो, म्हणतो,
'तें... तें गे,'
आणि हवेत गोल करून दाखवतो.
चार, मी मनात म्हटलं.

दाराशी एक जण उभा. आत येईना.
'हा कोण?'
'सोयरू. भाव,' बायको म्हणाली,
पिशवीतून फाईल काढता काढता.
'माडार तोच आशिल्लो.'

तेव्हा टॉवेल आठवला.
त्याचा उजवा हात खिशात होता.
काढ म्हटलं, काढला: अर्धा मिटलेला.
एक्स-रे केला, काही नाही.
नसांची तपासणी केली, काही नाही.
जेवतो डाव्यानं. माडाकडे पाठ करून बसतो.
त्याला केसपेपर नाही,
दहा रुपयांचा नवा काढून दिला,
कुठल्या विभागाचा शिक्का मारू, खिडकीवरच्यानं विचारलं.

जाताना ती परत फिरली.
कोयती मिळेल का, चांगल्या लोखंडाची होती.
पोलिसांकडे असेल, मी म्हटलं.
'ऱ्हांव दी,' ती म्हणाली,
'आता नारळ पडतात तेव्हा पडतात.
आम्ही पोरांना त्या बाजूला सोडत नाही.'

चार लिहिला.
पेन्सिलीनं.