झुडपांखालची जागा

लडलोजवळच्या नर्सरीत डेरिक विचारतो,
ऊन किती? माती कोरडी की चिकट?
मी फोनमधला फोटो पुढे करते:
तीन हायड्रेंजिया, एक म्हातारी कॅमेलिया,
सगळी आधीच्या मालकिणीची, एनिडबाईंची.
खाली नुसती उघडी माती,
आखूड परकराखालच्या घोट्यांसारखी.

विंका नको, तो म्हणतो.
सदाफुलीची चुलतबहीण ती, मला ठाऊक आहे,
बोट दिलं की मनगट धरणारी.
आयव्ही तर भिंतही खाईल.
अजुगा घ्या. जांभळट पान, बेताची भूक,
मुळं वरवर,
झुडपाच्या ताटात हात घालत नाही.

नऊ कुंड्या. शनिवार. गुडघ्याखाली जुनी उशी.
कॅमेलियापाशी खुरपं खणकन वाजतं:
पत्र्याची पाटी, खिळ्यानं कोरलेली,
‘बिस्किट. चांगला कुत्रा.’

मग तेवढी हातभर जागा सोडून लावते.
आठच बसतात.

नववी अजून पायरीवर आहे,
चहाचा कप विसळला की ते पाणी तिला.
अजुगा तशीही सरकत राहते, डेरिक म्हणाला होता.
वर्षा-दोन वर्षांत पोचेल पाटीपर्यंत,
तिची ती.