स्टॉक फुटेज

गोरेगावच्या एडिट रूममध्ये एसी सोळावर,
आणि मी बासष्टची थंडी शोधतोय.
हरणाऱ्यांचं चित्रीकरण कुणी करून ठेवत नाही,
म्हणून मनालीचा बर्फ लावला,
वर ढोल, खाली तारीख.

हवालदार कुडतरकर चव्वेचाळीस मिनिटं बोलले होते.
त्यातले अकरा सेकंद ठेवले.
कॅनव्हासचे बूट घेतले,
बोटं राहिली.
मध्ये ते नुसतेच गप्प बसले होते,
ते तर पहिल्याच फटक्यात कापलं.
चॅनलला शांतता चालत नाही.

रविवारी रात्री, दोन जाहिरातींच्या मध्ये,
युद्ध आटोपलं.

मग विक्रोळीहून त्यांचा फोन.
वाटलं, रागावणार.
म्हणाले, "बरं केलंयत हो. फक्त
तो बर्फ आमचा नव्हे.
आमच्याकडे त्या दिवशी
लख्ख ऊन होतं."