विनागर चाखणाऱ्याचे दात

"दुखना, दोतोर. शिरशिरता."
आसोळण्याहून आला होता कायतान बार्रेतो,
शर्टाच्या खिशात एका काडीचा चष्मा,
आणि अंगाला आंबूस वास,
जो कुंकळ्ळीच्या बाजारातून माझा जिना
त्याच्या आधी चढून आला.

आ करा म्हटलं.
कीड नव्हती. काळा ठिपकासुद्धा नाही.
उलट दात इतके गुळगुळीत, इतके चकचकीत,
की पाहून मीच जरा गप्प झाले.

पुढच्या दातांच्या कडा निळसर, आरपार,
जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं असतात तशा;
मागून आरसा धरला तर पुढे उजेड.
दाढांच्या माथ्यावर पिवळे खळगे,
आणि एका दाढेत, कधीकाळी मडगावात भरलेली चांदी
भोवतीच्या दातापेक्षा उंच.
चांदी वाढत नाही.
ओहोटीला साळ नदीतलं बेट वर येत नाही,
पाणी खाली जातं.

लिंबू? सोडा? रात्री घशाशी येतं?
विचारावंच लागतं.
पोटातलं आम्ल वर आलं
तर आधी दातांची मागची बाजू खातं.
याची मागची बाजू ठणठणीत.
खाणारा समोरून आला होता.

मग सांगू लागला.
सूर आंबते, बुयांवात तिचं विनागर होतं,
कुठलं बुयांव तयार, ते जीभच ओळखते.
घोट तोंडात धरायचा
मनातल्या मनात एक 'आमच्या बापा' म्हणून होईपर्यंत.
बावीस बुयांवं. आठवड्यातून तीनदा. एकतीस वर्षं.
थुंकायचं नाही; त्याचा बाप कधी थुंकला नव्हता.

"आणि दात घासता केव्हा?"
"लगेच." इथे तो लाजला.
"इनासीनीला वास सोसत नाही.
मीठ लावून, कडक ब्रशानं. मगच घरात घेते."

सापडलं.
आम्लानं दात आधी मऊ पडतो,
ओल्या गिलाव्यासारखा,
आणि ओल्या गिलाव्यावर हा माणूस
एकतीस वर्षं खराटा मारत होता,
बायकोशेजारी बसता यावं म्हणून.

घोट नको, म्हटलं, थेंब. जिभेच्या टोकावर.
आणि थुंका, बाप रागावणार नाही.
मग साध्या पाण्यानं खळखळून चूळ.
ब्रशाला तासभर हात लावायचा नाही,
तेवढ्यात लाळ तिचं काम करते.
ब्रश मऊ. पेस्ट मी देते ती. मीठ जेवणात.
गेलेलं परत येणार नाही, हेही सांगितलं.
(माझ्या खणात आमसुलांची डबी होती, चघळायला.
तो गेल्यावर आरशात स्वतःच्या दाढा पाहिल्या
आणि डबी घरी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.)

बाहेर बाकावर सुंगटांची पिशवी मांडीत घेऊन
इनासीन सगळं ऐकत होती.
"तास?" ती म्हणाली.
"मग तासभर बल्कांवावर बस.
मी दारातून बोलेन."

त्याच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा घेतला,
तारीख घातली, खणात ठेवला.
वर्षानं दुसरा घेतला.
दोन्ही शेजारी ठेवून, डोळे बारीक करून पाहिलं:
बेट तेवढंच उंच.
कंपाउंडर म्हणाली, काहीच झालेलं नाही की.
मी तिला चहा सांगितला, बिस्किटांसकट.

कायताननं भेट म्हणून बाटली आणली होती.
खिडकीच्या संगमरवरी कट्ट्यावर ठेवली.
बूच ढिलं असावं.
सोमवारी उचलली तर खाली फिकट, गोल खूण.
पुसली, घासली, जाईना.
तो डाग नव्हताच,
तेवढा दगड गेला होता.

आता शाळेतली पोरं येतात,
हातात लिंबूसोड्याची अर्धी बाटली,
तासभर पुरवून पुरवून प्यायलेली.
मी आधी काही बोलत नाही.
त्यांचं बोट धरते
आणि त्या वर्तुळावरून एकदा फिरवते.
"इथंच खरखरीत का लागतं?" विचारतात.
बस, म्हणते, खुर्चीत. दाखवते.